पऱ्हाटी पेटवण्याआधी

बसायला धुऱ्यावरची जागा बरी. निंबाची सावली असेल तर अधिकच. हे मनन डोळे मिटून करायचं नाही. हाताला माती लागू द्यायची आणि बघत राहायचं. महिना फेब्रुवारीचा धरू. वावर वर्धा जिल्ह्यातलं कुठलंही चालेल: देवळीकडचं, सेलूकडचं, नाहीतर हिंगणघाट-समुद्रपूरच्या खोल काळ्या जमिनीतलं. कपाशीची शेवटची वेचणी आटोपली आहे. पऱ्हाट्या उपटून जागोजागी ढीग लावलेत. माचिस खिशात आहे. ती तूर्त खिशातच राहू द्या.

ढिगातून एक पऱ्हाटी ओढून घ्या. सोपं नाही ते. फांद्या एकमेकींत गुंतलेल्या असतात, एक ओढली की तीन येतात. छातीएवढी उंच, बुडाशी अंगठ्याएवढी जाड. साल नखाने सोलून पाहा, लांबच लांब धागा निघतो. आतलं लाकूड पांढरट, वजनाला हलकं, पण मोडायला चिवट. शेंड्याकडे न उमललेली दोन-चार बोंडं वाळून घट्ट बसलेली आहेत. त्यातलं एक फोडा. सरकीजवळ तांदळाच्या दाण्याहून थोडी मोठी गुलाबी अळी अंग आखडून पडलेली सापडेल, किंवा नाही सापडणार.

सापडली तर तिच्याकडे नीट बघा, कारण ही आग बरीचशी तिच्यामुळे लागते. 2017 च्या हंगामात विदर्भाने तिचा तडाखा पाहिला. मग कृषी विभागाचा आणि नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचा सांगावा आणखी जोरात येऊ लागला: फरदड (हंगाम संपल्यावरही तीच कपाशी राखून घेतलेलं पीक) घेऊ नका, हंगाम वेळेत संपवा, पऱ्हाट्या बांधावर रचून ठेवू नका. रचून ठेवल्या की अळी त्यातच उन्हाळा काढते आणि पुढच्या पेऱ्यावर उतरते. म्हणजे शेतकरी पऱ्हाटी पेटवतो ते काही अडाणीपणाने नाही. त्याला रान मोकळं करायचं असतं, मजूर मिळत नाही, आणि काडी ओढायला पैसा लागत नाही. धुरावर लिहिणारे हे वाक्य बहुतेक वेळा गाळतात.

आता ती पऱ्हाटी मांडीवर आडवी ठेवा आणि एकच प्रश्न मनात घोळवा. ही कशाची बनली आहे?

मातीची, असं चटकन तोंडात येतं. थोडं थांबा. वाळलेल्या काडीच्या वजनात निम्म्याच्या जरा खाली कार्बन असतो, आणि तो सगळा हवेतला. जूनच्या पेरणीपासून पानांनी तो उन्हाच्या जोरावर ओढून घेतला आणि लाकडात बसवला. मातीने जे दिलं ते जाळल्यावर उरणाऱ्या मूठभर राखेत दिसतं. नत्र होतं तेवढं धुरासोबत जातं. तुमच्या मांडीवर सहा महिन्यांची हवा पडली आहे. तिला परत जायचंच आहे. प्रश्न फक्त केव्हा जायचं, एवढाच आहे. आजचं मनन या 'केव्हा'वर.

पहिली वाट खिशातल्या माचिसची. ढीग भडकतो, अर्ध्या तासात खाली बसतो. सहा महिन्यांत जमलेलं अर्ध्या तासात परत. सोबत थोडा मिथेन, कार्बन मोनॉक्साइड, काजळी. ढीग ओलसर असला आणि नुसता धुमसत राहिला तर हे सगळं जास्त. खालची माती भाजते, तिच्या वरच्या थरातले जीव मरतात.

दुसरी वाट कुजण्याची. जुनी, भली वाट. इंग्रज शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड 1924 ते 1931 या काळात इंदूरला होते, आपल्यासारख्याच काळ्या, कपाशीच्या मातीत. तिथं त्यांनी कंपोस्टची जी रीत बसवली तिच्यात कपाशीच्या टणक काड्यांची अडचण होतीच. त्यांचा उपाय मला फार आवडतो: काड्या शेतावरच्या गाडीवाटेवर पसरायच्या. बैलांचे खूर आणि गाडीची चाकं त्यांचा चुरा करतात, मग त्या खड्ड्यात घालायच्या. आज गाड्या राहिल्या नाहीत, बैल कमी झाले, त्या जागी श्रेडर आणि रोटाव्हेटर आले. कुजलेली काडी मातीला खाऊ घालते, यात वाद नाही. पण विदर्भाच्या उन्हात आणि पावसात कुजणंही वेगात होतं. दोन-चार वर्षांत त्यातला बराचसा कार्बन मातीतल्या जीवांच्या श्वासावाटे हवेत गेलेला असतो.

तिसरी वाट उशिराची. काडी तापवायची, पण हवा पुरी मिळू द्यायची नाही. कोळसा उरतो. शेतासाठी केलेल्या अशा कोळशाला हल्ली बायोचार म्हणतात, कुणी जैविक कोळसा म्हणतं. हवामान बदलावरच्या आंतरसरकारी समितीने 2019 मध्ये देशांना हिशेबाची जी पद्धत दिली, तिच्यात 450 ते 600 अंशांवर बनलेल्या कोळशातला 80 टक्के कार्बन 100 वर्षांनंतरही मातीत शिल्लक धरला आहे. कमी आचेवर बनला तर 65 टक्के, 600 च्या वर गेला तर 89.

शंभर वर्षं. 1936 साली गांधीजी सेवाग्रामला राहायला गेले, त्याला अजून शंभर वर्षं व्हायची आहेत. तेव्हा एखाद्या वावरात असा कोळसा पडला असता, तर त्यातला बहुतेक आजही तिथं सापडला असता. हा विचार जरा वेळ मनात राहू द्या. एरवी वर्षाच्या पलीकडे बघायची सोय शेतीत नसते; सावकार, सोसायटी, बाजारभाव सगळे हंगामाच्या मापाने चालतात.

आता भट्टी मनात पेटवू. मांडीएवढा खोल, वर रुंद आणि तळाशी निमुळता खड्डा. तळाला वाळक्या बारीक काड्या, आणि आग खालून न लावता वरून. ज्वाळा नीट बघा. लाकूड स्वतः पेटत नाही. तापल्यावर त्यातून वायू निघतो आणि तो पेटतो. मागे राहतो तो कोळसा. वरच्या ज्वाळा हवा खाऊन टाकतात, म्हणून खालच्या कोळशापर्यंत हवा पोचत नाही. वरच्या काड्यांवर राखेची पांढरी छटा धरू लागली की पुढचा थर टाकायचा. असं थरावर थर. खड्डा भरला की पाणी ओतायचं, भरपूर, आत निखारा राहणार नाही इतकं. हैदराबादच्या केंद्रीय कोरडवाहू शेती संशोधन संस्थेने साध्या तेलाच्या ड्रमपासूनही भट्टी बनवली आहे, आणि ती कपाशी, तूर, एरंडी अशांच्या काड्यांसाठी. पण खड्डा असो की ड्रम, खूण एकच: दाट धूर दिसला की काम बिघडलं. धुरात मिथेन असतो. हवेत जाणारे वायू कमी करायला निघालेला माणूस भट्टीतूनच ते सोडत असेल, तर सगळा उद्योग पाण्यात.

विझलेल्या ढिगातला एक तुकडा घ्या. पाणी निथळू द्या, उन्हात वाळवा. काडीचा आकार तोच, वजन गेलेलं. दुसऱ्या तुकड्यावर आपटला तर काचेसारखा किणकिण आवाज यायला हवा. हात काळे होतील. नुसत्या पाण्याने स्वच्छ झाले तर कोळसा चांगला, साबण लागला तर आत डांबर राहिलं. तुकडा आडवा मोडून उजेडात धरा. बारीक भोकं दिसतील. याच नळ्यांतून ऑगस्टमध्ये मुळांचं पाणी पानांपर्यंत चढत होतं. डोळ्यांना न दिसणारी भोकं याहून कितीतरी जास्त. आचेनुसार एका ग्रॅम कोळशाचा आतला पृष्ठभाग काही चौरस मीटरपासून काहीशे चौरस मीटरपर्यंत भरतो. चिमूटभर वस्तूच्या आत अंगण मावलेलं.

इथं शेजारचे काका धुऱ्यावर येऊन उभे राहतील. "कायले रे बाप्पा, काळ्या वावरात अजून काळं कालवतं?"

काका थट्टा करतायत, पण प्रश्न नेमका आहे. हातातला कोळसा बाजूला ठेवा आणि मातीचं ढेकूळ उचला. किती काळं! पण हा काळेपणा फसवा आहे. ॲमेझॉनच्या जंगलातली जुनी काळी माती, जिच्यामुळे कोळशाचा हा सगळा विषय जगात पुढे आला, ती माणसांनी शतकानुशतकं टाकलेल्या कोळशाने आणि कचऱ्याने काळी झाली. आपली रेगूर तशी नाही. ती बेसॉल्टच्या खडकातून आली. तिचा रंग तिच्यातल्या खनिजांचा आणि चिकणमातीला घट्ट धरून बसलेल्या थोड्याशा सेंद्रिय द्रव्याचा. माती परीक्षणाचा कागद काढून पाहा, सेंद्रिय कर्ब बहुतेक ठिकाणी अर्ध्या टक्क्याच्या आसपास किंवा खाली. रंगाने श्रीमंत, कर्बाने गरीब. तेव्हा काकांना उत्तर आहे: वावर काळं आहे, पण कोळशाचं नाही.

त्याच कागदावर आणखी एक आकडा आहे, सामू. तो 8 च्या आसपास असेल. इथं उत्साहाला लगाम घालावा लागतो. 2017 मध्ये जगभरच्या प्रयोगांचा एकत्र आढावा निघाला. त्यात उष्ण कटिबंधात बायोचारने उत्पादन सरासरी 25 टक्के वाढल्याचं दिसलं, समशीतोष्ण देशांत जवळपास काहीच नाही. हा 25 चा आकडा आपल्याकडच्या व्याख्यानांत हमखास येतो. येत नाही ते त्याचं कारण. उष्ण प्रदेशातल्या त्या जमिनी बऱ्याचशा आम्ल आणि निकस होत्या; कोळसा अल्कधर्मी असतो, त्याने चुन्याचं काम केलं. वर्ध्याची जमीन आधीच अल्कधर्मी, चुनखडीची. तिला आणखी चुना कशाला? उलट जस्त आणि लोह जिथं आधीच पिकाला नीट लागू होत नाही, तिथं राख-कोळसा जास्त झाला तर अडचण वाढू शकते. काळ्या जमिनीत कोळसा टाकून पहिल्याच वर्षी कापूस वाढेल, असं सांगणाऱ्यावर मी विश्वास ठेवणार नाही.

आर्वी, कारंजा, आष्टीकडच्या उताराच्या बरड, मुरमाड जमिनीची गोष्ट वेगळी. तिथं पाणी टिकत नाही. अशा भरड जमिनीत कोळसा पिकाला मिळणारं पाणी जितकं वाढवतो, तितकं चिकण जमिनीत वाढवत नाही. ज्याच्याकडे दोन्ही प्रकारचं वावर आहे, त्याने सुरुवात बरडापासून करावी.

मग खोल काळ्या जमिनीत काय? आता जुलै डोळ्यांपुढे आणा. झड लागली आहे. तीन दिवस उघडीप नाही. डवरणीनंतर युरिया पडलेला आहे आणि चिकण माती पाणी धरून बसली आहे. मातीच्या आतल्या फटींतली हवा संपली. आता आत काय होतं ते हळूहळू बघा. युरियाचं अमोनियम, अमोनियमचं नायट्रेट झालेलं आहे. हवा नसली की काही जिवाणू ऑक्सिजनसाठी नायट्रेटच फोडू लागतात. शेवटपर्यंत फोडलं तर निरुपद्रवी नत्रवायू, म्हणजे आपल्या श्वासातल्या हवेचा मोठा हिस्सा. अर्ध्यावर काम सुटलं तर नायट्रस ऑक्साइड, दातांच्या डॉक्टरकडचा हास्यवायू. शंभर वर्षांच्या हिशेबाने तो कार्बन डाय-ऑक्साइडच्या 273 पट तापवतो, आणि हवेत शतकाहून जास्त टिकतो.

हा वायू दिसत नाही, त्याला वास नाही. एका पोत्याचा हिशेब करून पाहू. युरियाचं पोतं 45 किलोचं, त्यात नत्र 20 किलो 700 ग्रॅम. आंतरराष्ट्रीय ढोबळ हिशेबात त्यातला 1 टक्का या वायूच्या रूपात जातो असं धरतात. आकडे पुढे नेले तर एका पोत्यामागे सुमारे 90 किलो कार्बन डाय-ऑक्साइडइतकी उष्णता. आणि हा शेतकऱ्याचाही तोटा आहे, कारण नायट्रेटच्या या गळतीत त्याहून कितीतरी जास्त नत्र साधा वायू होऊन जातं किंवा पाण्याबरोबर वाहून जातं.

कोळसा इथं मध्ये येतो. त्याच्या भोकांत हवा राहते. अमोनियम आणि थोडं नायट्रेट त्याला धरून राहतं. आणि जिवाणूंना ते अर्धवट काम पुरं करायला, हास्यवायूचा साधा नत्रवायू करायला, त्याच्या पृष्ठभागाची मदत होते असं दिसतं. 2014 च्या एका मोठ्या आढाव्यात नायट्रस ऑक्साइड सरासरी 54 टक्के कमी झाल्याचं आलं. 2019 च्या आणखी मोठ्या आढाव्यात 38 टक्के, आणि सोबत एक इशारा: हा परिणाम साधारण वर्षभरानंतर नगण्य होत जातो. प्रयोग वाढले तसा आकडा खाली आला. विज्ञानात असं होणं निरोगीपणाचं लक्षण आहे. जाहिरातीत आकडे फक्त वर जातात.

आता स्वतःच्या वावराचा हिशेब, सावकाश. एकरभर पऱ्हाटी वाळून साधारण 10 क्विंटल. खड्ड्याच्या भट्टीत त्याचा 2 ते अडीच क्विंटल कोळसा. प्रयोगशाळांनी वापरलेल्या मात्रा मात्र एकरी 40 क्विंटल, 80 क्विंटल अशा. स्वतःच्या वावरातल्या काडीवर 40 पर्यंत पोचायला सोळा वर्षं तरी लागतील. म्हणजे 38 टक्के हा आकडा या वर्षी तुमचा नाही, पुढच्याही वर्षी नाही. पण दुसरी बाजू पाहा. अडीच क्विंटलमध्ये 65 टक्के कार्बन आणि त्यातला 80 टक्के शतकभर टिकणारा धरला, तर पावणेपाचशे किलोच्या आसपास कार्बन डाय-ऑक्साइड जमिनीत अडकला. तो मात्र या वर्षीचाच. काळ्या जमिनीत कोळशाचा खात्रीचा लाभ हा आहे: जे अर्ध्या तासात जाणार होतं ते थांबलं. मातीतून निघणारे वायू कमी झाले, तर ती त्यावरची भर.

कोरडा कोळसा मात्र तसाच मातीत टाकू नका. नवं मडकं पहिलं पाणी स्वतःच पितं, तसं कोरा कोळसा आधी मातीतलंच नत्र ओढून बसतो आणि पीक पिवळं पडतं. त्याला आधी पाजून घ्यायचं. गोठ्यात जनावरांच्या खाली अंथरा, गोमूत्र जिरू द्या. किंवा शेणखताच्या खड्ड्यात थराथराने टाकून दोन-तीन महिने राहू द्या. यात दुहेरी फायदा आहे. उकिरड्यातून अमोनिया उडतो, डोळ्यांना झोंबतो तो. कोळसा त्यातला काही धरून ठेवतो. माझ्या मते गरीब शेतकऱ्यासाठी कोळशाची पहिली जागा हीच, गोठा. वावर नंतर. आणि टाकताना ओलाच टाका, चैताच्या वाऱ्यात ती भुकटी फुप्फुसात जाते.

मे महिन्यात काळी जमीन भेगाळते. हात कोपरापर्यंत आत जाईल एवढ्या भेगा. वर पसरलेलं खत आणि कोळशाचा चुरा वाऱ्याने, पहिल्या सरीने त्यात उतरतो, मग माती फुगते आणि भेग मिटते. ही माती स्वतःला नांगरते. 1950 च्या सुमारास पवनारला विनोबांनी बैलांशिवाय, हाताने कसण्याचा ऋषिखेतीचा प्रयोग केला, तो धाम नदीच्या काठी. त्या कुदळीच्या कष्टांची आठवण ठेवून या भेगांकडे पाहिलं, तर वर्षातून एकदा फुकटात होणाऱ्या या कामाची किंमत कळते.

आता नजर जरा लांब न्या, दक्षिणेला. वर्धा नदी पुढे चंद्रपूर-यवतमाळच्या हद्दीवरून जाते, आणि तिथल्या कोळशाच्या पट्ट्याला तिचंच नाव आहे. वणी, घुग्घूस, बल्लारपूर. 25 कोटी वर्षांहून जुनी झाडं तिथून रोज ट्रकांनी आणि वाघिणींनी उपसली जातात. कुठं ते ढिगारे आणि कुठं आपले अडीच क्विंटल! या तुलनेत आपलं काम हास्यास्पद वाटेल, आणि तसं थोडा वेळ वाटू द्यावं. कोळसा जाळणं थांबल्याशिवाय कोळसा पुरून पृथ्वी थंड होणार नाही.

वर्ध्याच्या मगनवाडीत गांधीवादी अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पांनी 1934 पासून अखिल भारत ग्रामोद्योग संघाचं काम उभं केलं.  कुमारप्पांनी 1945 मध्ये शाश्वत अर्थव्यवस्थेवर पुस्तक लिहिलं, त्यात उपसून संपणारी संपत्ती आणि फिरून भरणारी संपत्ती असा भेद ते करतात. खाणीतला कोळसा पहिल्या खात्यातला, पऱ्हाटी दुसऱ्या. पण त्यांच्या मगनवाडीतून आज कुणी बाहेर पडून बायोचारचा धंदा बघितला असता, तर त्याने एक प्रश्न नक्की विचारला असता: काडी कुणाची आणि पैसा कुणाला?

कारण या कोळशाला आता बाजार आला आहे. जानेवारी 2025 मध्ये गूगलने वराह या भारतीय कंपनीकडून 2030 पर्यंत एक लाख टन कार्बन डाय-ऑक्साइडची पतपत्रं (कार्बन क्रेडिट) घ्यायचा करार जाहीर केला, तो बायोचारवरच आधारलेला. पैसा येणार असेल तर चांगलंच. सोळा वर्षांची चिकाटी फुकट कुणी दाखवत नसतो. पण गावात पऱ्हाटीवर आधीपासून एक हक्क आहे, कागदावर नसलेला. भूमिहीन घरातल्या बाया वेचून नेतात ती काडी वर्षभर चुलीला लागते. उद्या ती काडी ट्रॉलीने तोलून विकली गेली, तर त्या चुलीत काय जाईल? शिवाय सगळीच काडी दूरच्या भट्टीत गेली आणि कोळसा गावात परत आलाच नाही, तर हवेचा हिशेब जुळेल, वावर मात्र कोरडंच. करारात कोळसा परत येण्याची ओळ आहे का, हे वाचूनच अंगठा करावा.

बरं, उठण्याआधी एक काम ठरवा. या वर्षी सगळं वावर नको. एका बाजूच्या चार ओळी घ्या, गोठ्यातून पाजून आणलेला कोळसा शेणखतासोबत त्यांत द्या. शेजारच्या चार ओळींना तेवढंच शेणखत, कोळसा नाही. युरिया दोन्हीकडे सारखा. झडीनंतर कुठल्या ओळींत पानं पिवळी पडतात ते लिहून ठेवा, वेचणीचा कापूस वेगवेगळा तोला, आणि तिसऱ्या वर्षापर्यंत कुणालाही निकाल सांगू नका, काकांनाही. ओळींच्या दोन्ही टोकांना लोखंडी खुंट्या ठोका. लाकडाच्या ठोकल्या तर कुणीतरी चुलीला नेईल, आणि ट्रॅक्टरवाला वखरताना ओळी एक करून टाकेल.